भोपळ्याची बोट आणि पत्र्यावरची बॅटरी

आमच्या घरात ताप मोजायची काचेची नळी आली ती माणसासाठी नाही, बॅटरीसाठी. माझी मावसबहीण मिरजेला एका दवाखान्यात नर्स होती, तिच्याकडून यांनी ती मागून आणली. संध्याकाळी हे मांडी घालून बसायचे, बॅटरीच्या अंगाला नळी लावायचे, उजेडाकडं धरून आकडा वाचायचे आणि वहीत लिहायचे. "एकशे चार," असं एकदा मोठ्यानं म्हणाले, तेव्हा शेजारीण दारात उभी होती. तिनं घाबरून विचारलं, "कुणाला वो?" मी म्हटलं, "बॅटरीला." ती बिचारी दोन दिवस आमच्याकडं फिरकली नाही.

पुढच्याच आठवड्यात नळी फुटली. त्या नळीवरचे आकडे माणूस जगतो तिथपर्यंतच असतात आणि आमची बॅटरी त्याच्या पुढं गेली. मावसबहिणीनं दुसरी दिली नाही. तिचंही बरोबरच होतं.

ही गोष्ट साठीच्या दशकातली, लढाई होऊन गेल्यानंतरची. आमचे हे फौजेत बिनतारी संदेशाच्या तुकडीत होते. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण सगळ्या सुट्ट्यांची बेरीज केली तर आम्ही एकत्र राहिलो ते सहा महिने. प्रत्येक वेळी मी मिरज स्टेशनावर यांना पोचवायला जायची आणि विचारायची, "परत कवा?" हे म्हणायचे, "बघू, दिवाळीच्या पुढं." एकदा म्हणाले, "उन्हाळ्यात," आणि आले ते त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. मला त्या स्टेशनाचा इतका राग बसला होता की अजूनही तिथला चहा मला गोड लागत नाही.

मग हे फौजेतून सुटून आले. सांगलीत आम्ही पत्र्याची एक खोली घेतली. हे बाजारातल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तात्पुरते बसू लागले. त्याच सुमारास सांगलीत एक तांत्रिक शाळा निघत होती आणि तिथं विजेचं नि रेडिओचं काम शिकवायला माणूस पाहिजे होता. यांच्याकडं सर्टिफिकेट म्हणाल तर फौजेचा कागद तेवढा. संस्थेचे चेअरमन हळदीचे मोठे व्यापारी होते, जैन, डोक्याला पांढरी टोपी, बोलणं मोजकं. ते म्हणाले, "कागद ऱ्हाऊ द्या. पोरांनी बघितलं की शिकावं वाटलं पायजे, असं कायतरी करून दाखवा."

हे म्हणाले, "पाण्यात बोट चालवून दाखवतो. मी काठावर, बोट नदीत. मधी तार न्हाई, दोरी न्हाई."

"जाऊन परत आली पायजे," चेअरमन म्हणाले. "नुसतं जायला काय, ओंडकाबी जातोय."

दुसरीकडं मुंबईहून यांच्या फौजेतल्या दोस्ताचं पत्र आलेलं होतं. एका गिरणीत राखणदाराची जागा होती. राहायला एका खोलीत आठ गडी, म्हणजे बायकोला जागा नाही. अक्षय तृतीयेपर्यंत उत्तर कळवायचं होतं. हे मुंबईला गेले असते तर मी साताऱ्याकडं सासरी. सासर चांगलं होतं, तक्रार करायला जागा नाही. पण मला सासर नको होतं, नवरा पाहिजे होता. तेव्हा हे तोंडानं बोलायची सोय नव्हती, आता लिहायला काय हरकत आहे. त्या बोटीनं जाऊन परत यायचं होतं, एवढीच माझ्या संसाराची अट होती.

बोटीचं अंग केलं माझ्या वडिलांनी. आप्पा मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या कारखान्यात कामाला होते. भीमेकाठचे वाळवलेले मोठाले भोपळे यायचे, ते कापायचे, आतून साफ करायचे, त्यांना लाकूड बसवायचं, लाख भरायची आणि पॉलिश करायचं, यात त्यांचा जन्म गेला. एक भोपळा लांबट निघाला होता, तंबोऱ्याला निरुपयोगी म्हणून कोपऱ्यात पडलेला. आप्पांनी तो आडवा कापला, वर पातळ सागवानी फळी बसवली, फळीला झाकण केलं आणि प्रत्येक सांधीत लाख भरली. तपकिरी रंगाची चकाकणारी अशी देखणी बोट झाली की तिच्यावर तारा लावून कुणी गायला बसावं. "मुंगी शिरणार न्हाई आत," आप्पा म्हणाले. मुंगीच काय, वाराही शिरत नव्हता. हे दुखणं आम्हाला पुढं कळायचं होतं.

आतली कारागिरी यांची. मोटारगाडीची काच पुसायची जुनी मोटर पंखा फिरवायला, मोटरसायकलची सहा व्होल्टची बॅटरी तिला चालवायला आणि एक छोटा रेडिओ हुकूम ऐकायला. काठावर यांच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यातून वर निघालेली तार आणि डब्याला एक बटण. एकदा दाबलं की उजवीकडं, दोनदा दाबलं की डावीकडं, तीनदा दाबलं की सरळ, चारदा दाबलं की थांबायचं. सरकारी परवाना लागला, तो आणायला हे किती चकरा मारून आले ते विचारू नका. फौजेच्या कागदाचा तिथं उपयोग झाला.

पहिली परीक्षा साताऱ्याकडं, आमच्या सासरच्या मळ्यातल्या विहिरीत झाली. यात्रेला जायचंच होतं, बोट बरोबर घेतली. एसटीत मी ती मांडीवर धरून बसले. कंडक्टर म्हणाला, "ह्यो भोपळा भाजीचा का गान्याचा?" हे म्हणाले, "पान्यातला." कंडक्टरनं यांच्याकडं असं बघितलं की पुढं काही विचारलं नाही.

विहिरीवर सगळा गोतावळा जमला. हे काठावर डबा घेऊन उभे राहिले, बटण दाबलं आणि बोट निघाली. दीर म्हणाला, "आयला, कोन ओढतंय रं तिला?" सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. बोट गोल फिरली, उलटी फिरली, सरळ गेली. मला तर तिथंच वाटलं की सांगलीची जागा पक्की झाली. दहा मिनिटांनी बोट मंद झाली, मग नुसती गुरगुरायला लागली आणि बरोबर मधोमध थांबली. हे बटण दाबून दाबून दमले. शेवटी दिरानं अंगरखा काढला आणि विहिरीत उडी मारली.

झाकण उघडलं तर आतून लाखेचा वास आणि वाफ. बॅटरीला हात लावला की चटका. सासरे वाकून बघत म्हणाले, "भाकरी टाक की गं वर." सगळे हसले. हे हसले नाहीत, वही काढून काहीतरी लिहीत बसले.

आता इथं मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या मिरजेच्या घरी टॉर्चचे सेल मंद झाले की ते उन्हात ठेवायचे. आईनं ठेवलेले मी बघितले, आजूबाजूच्या चार घरांतही तेच. कौलावर पापड, पापडाशेजारी सेल. दुपारभर तापले की संध्याकाळी टॉर्च खरंच दोन दिवस बरा चालायचा. याच्यावर आमच्याकडं कुणी कधी वाद घातला नाही. मग मी काय केलं असेल ते सांगायला नको.

सांगलीत हे सकाळी दुकानात गेले की दुपारी मी पलंगाखालची बॅटरी उचलायची, शिडीवर चढून पत्र्यावर नेऊन ठेवायची, कुरडयांच्या शेजारी. तीनच्या पुढं खाली आणायची आणि ऊब टिकावी म्हणून गोधडीत गुंडाळून ठेवायची. हे चारला यायचे, त्याच्या आधी गोधडीची घडी परत पेटीत. यांना सांगितलं नाही, कारण हे म्हणाले असते, "तुला काय कळतंय त्यातलं." बोट चांगली चालली की मग सांगेन, असं मी मनाशी ठरवलं होतं. साताऱ्यालाही बोट विहिरीवर न्यायच्या आधी मी ती बॅटरी माळवदावर दुपारभर ठेवली होती. सासूबाईंनी बघितलं, म्हणाल्या, "ठेव, ठेव, ऊन लागू दे तिला."

आता यांची बाजू बघा. फौजेत यांनी बर्फातही संदेश पोचवलेले, आणि इथं एक मोटरसायकलची बॅटरी यांना वेड लावत होती. यांनी बारीक तारा काढून जाड घातल्या. पंखा मोठा होता, तो कापून लहान केला, म्हणजे मोटरला ओढ कमी पडावी. दोन्हींचा गुण आला, नाही असं नाही. पण सांगलीबाहेरच्या एका मळ्यातल्या विहिरीवर आम्ही रोज संध्याकाळी जायचो आणि रोज बोट दहा-बारा मिनिटांनी बसायची. हे वही उघडून दाखवायचे. "आगं, पान्यात सोडायच्या आदीच ही गरम. काम कराय लागायच्या आदीच हिला घाम. हिच्या आत कायतरी बिघाड हाय." मी मान डोलवायची. मनात म्हणायची, उन्हात अजून थोडी जास्त ठेवली पाहिजे.

आणि तशी मी ठेवत गेले. तीनचे साडेतीन केले. नळी फुटली ती त्याच आठवड्यात.

एक दिवस मात्र दुपारपासून वळवाचे ढग भरून आले. कुरडया भिजतील म्हणून मी पत्र्यावर काहीच नेलं नाही, बॅटरीही नाही. त्या संध्याकाळी बोट पंचवीस मिनिटं चालली. हे वेड्यासारखे खूश झाले, मला म्हणाले, "बघितलीस? बघितलीस का?" दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, मी बॅटरी वर नेली आणि संध्याकाळी परत दहा मिनिटं. यांनी वहीत 'ढगाळ' असं लिहून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या आणि त्या पानाकडं बघत बसले. मी यांच्या ताटात भाकरी वाढत होते. माझ्या डोक्यात काही आलं नाही, शपथेवर सांगते.

अक्षय तृतीया आठ दिवसांवर आली. एके दिवशी हे आले, पलंगाखालची फौजेची ट्रंक बाहेर ओढली आणि पुसायला लागले. मी चूल पेटवायला वाकले, तर धूर नसतानाच डोळ्यांत पाणी. ती हिरवी ट्रंक मी पाच वर्षं बघितली होती. ती बाहेर आली की माणूस जातो, हे मला पाठ होतं.

चहा देताना माझा पदर यांच्या समोर आला. हे कप तसाच धरून थांबले. "ही भोकं कसली गं?"

मी बघितलं. पदराला आणि निऱ्यांना बारीक बारीक भोकं, कडेनं पिवळी. म्हटलं, "उंदरानं खाल्लं असंल."

"उंदीर ॲसिड पितोय व्हय?" यांनी कप खाली ठेवला. "बॅटरीला तू हात लावतीस?"

खोटं बोलायला मला जमत नाही असं नाही, पण त्या दिवशी जमलं नाही. सगळं सांगून टाकलं. पत्रा, कुरडया, गोधडी, माळवद, सगळं. हे उठून बाहेर गेले, पत्र्याला हात लावून बघितला, चटका बसला तसा हात झटकला आणि परत आत येऊन बसले. मग वही काढली, पानं उलटत उलटत 'ढगाळ' त्या पानापर्यंत गेले.

"कशापायी केलंस?"

"तुमी मुंबईला जाऊ नये म्हनून," मी म्हटलं, आणि मग मला आवरेना. पाच वर्षांचं एकदम बाहेर आलं. स्टेशन, ट्रंक, दिवाळीच्या पुढं, सगळं बोलले. यांना मी तोवर असं काही तोंडावर बोलले नव्हते. शेवटी हे म्हणाले, "मला काय जायची हौस हाय का गं?" आणि मग जे हसायला लागले ते थांबेचनात. "मी बॅटरीपायी फौजेच्या दोस्ताला पत्र लिवलं, दुकानदाराला शिव्या घातल्या, बॅटरी दोनदा तपासून आनली. आनि दुश्मन माझ्याच गोधडीत."

मलाही हसू यायला लागलं, रडत रडतच. ट्रंक यांनी पायानं परत पलंगाखाली सारली.

मग यांनी मला नीट समजावलं, पहिल्यांदाच. टॉर्चचा सेल वेगळा, त्याला जरा ऊब चालते. ही बॅटरी काम करताना स्वतःच तापते. आधीच तापलेली बंद भोपळ्यात घातली तर आतल्या उष्णतेनं जायचं कुठं. उन्हात ठेवणं बंद, हे तर झालंच, पण बोटीत वारा खेळला पाहिजे. म्हणजे भोपळ्याच्या झाकणाला भोकं पाडायला पाहिजेत. हे म्हणाले, "आता आप्पांना कोन सांगनार?"

आप्पांच्या लेखी भोपळ्याला भोक म्हणजे काय, हे आमच्या घरच्यांनाच कळेल. तंबोऱ्याच्या भोपळ्याला केसाएवढी चीर गेली तरी आप्पा दोन दिवस जेवायचे नाहीत. मी मिरजेला गेले. आप्पा पॉलिशची चिंधी घेऊन बसले होते. सांगितलं. आप्पा म्हणाले, "माझ्या हातच्या कामाला भोक? लोक काय म्हनतील, म्हाताऱ्याचा हात चुकला?" आणि पाठ फिरवून चिंधी घासायला लागले.

मी तिथंच बसून राहिले. मग म्हटलं, "आप्पा, यांनी ट्रंक बाहेर काढलीया." एवढंच, परत आत सारली ते बोलले नाही. आप्पांनाही ती ट्रंक माहीत होती. मिरजेचं स्टेशन त्यांच्या घरापासून जवळच, दर वेळी मला तिथून हात धरून घरी आणायचे ते तेच.

चिंधी थांबली. "किती मोठं भोक पायजे?" त्यांनी पाठ न वळवता विचारलं.

भोकं पाडली ती आप्पांनीच. झाकणाच्या पुढच्या अंगाला एक, मागच्याला एक, आणि दोन्हींवर लाकडाची बोटभर उंचीची धुराडी. पुढच्या धुराड्याचं तोंड पुढं, मागच्याचं मागं, म्हणजे बोट चालली की वारा इकडून शिरून तिकडून बाहेर पडावा. आणि आप्पा ते आप्पाच, दोन्ही धुराड्यांवर तंबोऱ्यावर कोरतात तसली वेलबुट्टी कोरली. भोक दिसायचंच असेल तर चांगलं दिसू दे, असं त्यांचं म्हणणं.

दाखवायचा दिवस ठरला तो अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी, सकाळी, कृष्णेच्या घाटावर. चेअरमन आले, होणारे हेडमास्तर आले, आप्पा मिरजेहून आले. बायकांनी काठावर उभं राहायचं कारण नव्हतं, मी धुणं घेऊन गेले. बॅटरी यांनी रात्रभर माठाशेजारी ओल्या फडक्यावर ठेवलेली होती. माझ्याकडं बघून ती बोटीत बसवली.

बोट निघाली. उन्हाळ्यातली नदी, पाणी संथ, पण पलीकडच्या काठाला म्हशी डुंबत होत्या. हे नेम धरून बटण दाबत होते. बोट म्हशींच्या जवळ गेली, एक म्हैस मान उंच करून बघत राहिली. यांनी दोनदा बटण दाबलं, बोट डावीकडं वळली, पलीकडच्या पायरीला नाक लावून आली आणि परत फिरली. माझ्या हातातलं धुणं हातातच होतं.

आणि मध्यावर येऊन बोट थांबली.

मी खाली बसले. आप्पांनी टोपी काढली. चेअरमन म्हणाले, "संपली?"

हे शांत उभे होते. "मी थांबवलीया," हे म्हणाले. "चारदा दाबलं न्हवं का. तिला दम खाऊ द्या. जाताना प्रवाह कापत गेली, लय ओढ पडली. आत्ता हाकलली तर तापंल. जरा गार होऊ द्या."

"किती येळ?"

"पाच मिन्टं."

ती पाच मिनिटं मी अजून विसरले नाही. बोट पाण्यावर हळूहळू खाली सरकत होती आणि हे नुसते बघत उभे. बिघडली असती तरी हे असेच उभे राहिले असते का, खोटं बोलत असतील का, नाना शंका. पाचव्या मिनिटाला यांनी तीनदा बटण दाबलं. भोपळा हलला, पंख्यानं पाणी मागं फेकलं आणि बोट सरळ घाटाकडं आली. पायरीला लागून थांबली ती यांच्या पायाशी.

चेअरमन वाकले. झाकण काढायला लावलं आणि बॅटरीवर तळहात ठेवला, बराच वेळ. हळद साठवायच्या जमिनीतल्या पेवात माल तापला का हे बघायला त्यांचा जन्म गेलेला. तळहाताची त्यांची पारख मावसबहिणीच्या नळीपेक्षा पक्की असावी. "कोमट हाय," ते म्हणाले. "मागं तापत होती म्हनं. काय केलंसा?"

हे म्हणाले, "वारा दिला. मधी थांबवून दम दिला. आनि..." हे धुण्याकडं, म्हणजे माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं आता जमीन पोटात घेईल तर बरं. "आनि उन्हात ठेवायची बंद केली. आमच्या घरात सेलासारकी पत्र्यावर ठेवत होतो."

'होतो' म्हणाले, 'होती' म्हणाले नाहीत. हे मी ऐकलं.

चेअरमनांनी हेडमास्तरांकडं बघितलं. मग म्हणाले, "आमच्या माडीवर माझ्या टॉर्चचे सेल हैत आत्ता, उन्हात." टोपी नीट करत म्हणाले, "पोरांना पयला धडा ह्योच द्या."

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, सायकल बाहेर काढली. मी दारात उभी होते. तोंडाला सवय पडलेली, नकळत निघून गेलं, "परत कवा?"

यांनी पॅडलवर पाय ठेवला आणि म्हणाले, "साडेपाचला."